लपाछपीचा भयपट

या, जरा पुढे सरका. गोष्ट हळू आवाजातली आहे, जवळ बसलात तर नीट कानी पडेल. एका पोरीने मोठ्या हौसेने मिनिटभराचा ट्रेलर केला, त्यावर भलतीच पाटी लावली, आणि त्या पाटीपायी घरातलं लेकरू आपल्याच आजोबांना घाबरायला लागलं. ते भय कसं गेलं, एवढंच सांगतो. देवाने माणसाला जीभ दिली ती अशाच गोष्टी सांगायला.

पोरगी सिनेमाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील तिला ‘डायरेक्टरबाई’ म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. वडिलांनी जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली. नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. स्वयंपाकघरात चार माणसं जमली की म्हणायचे, “दारात गर्दी करू नका, पुढे चला.” गेल्या वर्षापासून मात्र त्यांचं विसरणं वाढलं होतं. चहा घेतला की नाही, आज वार कोणता, पंखा लावायला उठलो की बंद करायला, सगळा गोंधळ. नातीशी लपाछपी खेळताना राज्य त्यांच्यावर असलं, तर दहा अंक मोजायचे आणि कुणाला शोधायचंय तेच विसरून खुर्चीत जाऊन बसायचे.

नात म्हणजे डायरेक्टरबाईच्या दादाची मुलगी. सात वर्षांची, नाव काही का असेना, सगळे तिला टिकली म्हणत. एकदा ती अशीच कपाटात लपून राहिली आणि आजोबा शोधायला आलेच नाहीत. शेवटी तीच बाहेर आली आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून ओरडली, “धप्पा!” आजोबा इतके हसले की चष्मा खाली पडला.

तेवढ्यावरच डायरेक्टरबाईने बारा मिनिटांचा सिनेमा केला. टिकली टिकलीच झाली, आणि बाबा बाबाच.

पेच पडला तो ट्रेलरला. वर्षाअखेरी कॉलेजात मुलांच्या सिनेमांचा खेळ व्हायचा; आधी सगळे ट्रेलर, मग ज्याला जो बघायचा त्याचं तिकीट. त्या खेळाला येणाऱ्या प्रत्येक ट्रेलरच्या सुरुवातीला पाटी लागायची: सिनेमा कोणत्या प्रकारचा आणि किती वयापासून पाहावा. पाटी ज्याची त्याने ठरवायची, पण शिकवणाऱ्या मॅडमच्या सहीशिवाय ती पडद्यावर जायची नाही. ट्रेलर जोडायला बसली होती डायरेक्टरबाईची मैत्रीण. संकलनात हात असा चालायचा की वर्गाने तिचं नावच ‘कात्री’ ठेवलं होतं.

“हे बघ,” कात्री म्हणाली, “तुझ्या सिनेमात एक म्हातारा खुर्चीत बसतो आणि एक मुलगी कपाटात बसते. ट्रेलरला येणार कोण? तुझी वहिनी?”

“मग काय करायचं?”

“बघत राहा.”

कात्रीने कपाटातला अंधार घेतला. टिकलीचा श्वास मोठा केला. बाहेरून पावलांचा ढमढम आवाज, फटीतून दिसणारे बाबांचे पाय, मग त्यांचा सुरकुतलेला हात कपाटाच्या कडीवर. आणि काळोख. खरं तर तो हात टॉवेल शोधत होता! पण पद तेच असलं तरी चाल बदलली की आनंदाचं पद रडायला लावतं, हे गाणारे जाणतात. वर्गात ट्रेलर लावला तर मागच्या बाकावरची दोघं किंचाळली, आणि मग टाळ्याच टाळ्या. डायरेक्टरबाई हरखून गेली. पाटी ठरली: भयपट, सोळा वर्षांवरील.

मॅडमनी पेन उघडलं आणि परत बंद केलं. “नक्की?”

“अगदी नक्की, मॅडम.”

“बरं. सही उद्या करते. एक रात्र जाऊ दे मध्ये.”

आता चूक पाहा. कौतुक पोटात राहीना, म्हणून डायरेक्टरबाईने ट्रेलर घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी घरी आली तर वहिनी दारातच उभी.

“काय दाखवलंस गं पोरीला? दुपारपासून बाबांच्या खोलीकडे फिरकली नाही. त्यांना चहा दे म्हटलं तर कप दाराबाहेर जमिनीवर ठेवून पळाली.”

“अगं, पण शूटिंगला तर हसत होती!”

“तेव्हा हा ढमढम आवाज कुठे होता?”

टिकली सोफ्यामागे बसली होती. “आत्या,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, “आजोबा मला शोधायला लागले तर काय करतात?”

 डायरेक्टरबाई बाबांच्या खोलीत डोकावली. बाबा भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर हात ठेवून मोजत होते. “आठ... नऊ... दहा.” मग वळले. “आलो हं, टिकले!” घरभर हिंडले, दाराआड पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. आज ते शोधायला विसरले नव्हते; आज लपायलाच कुणी नव्हतं. सोफ्यामागचं लेकरू आईच्या पदराआड गेलं. बाबा मध्येच थांबले, हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मी काय शोधत होतो?”

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधी डायरेक्टरबाई कात्रीच्या दारात.

“ट्रेलर मोडायचा.”

“वेड लागलंय का? सगळं कॉलेज त्याबद्दल बोलतंय!”

“बोलू दे. त्यात माझा बाप भूत झालाय. आणि सिनेमात कुणी भूत नाहीच. हा भयपट म्हणून बघायला येतील, त्यांनाही फसवल्यासारखंच ना?”

कात्रीने थोडी कुरकुर केली, पण मैत्रीण खरी. खुर्ची ओढून बसली. “मग पाटीवर काय म्हणू? विनोदी? रहस्य?”

“कौटुंबिक.”

“कौटुंबिक म्हटलं की लोक जांभया देतात.”

“देऊ देत. धप्पा बसला की उठतील.”

या वेळी डायरेक्टरबाईच्या आवाजात शंका नव्हती. कात्रीने टिकलीचा श्वास मुळात होता तेवढाच ठेवला, ढमढम काढून टाकलं, कडीवरच्या हातानंतर टॉवेल दाखवला, आणि शेवटी बाबांचं ते चष्मा पाडणारं हसू. वयाच्या जागी कात्रीने लिहिलं: सर्वांसाठी.

मॅडमनी पाहिलं आणि मान हलवली. “प्रकार पटला. वय नाही पटत. कपाटातला अंधार बराच वेळ आहे. सर्वांसाठी म्हणताना कुणाला विचारलंत?”

तेव्हा डायरेक्टरबाईला बसमधले बाबा आठवले. अर्ध्या तिकिटासाठी आया हटकून पोराचं वय कमी सांगायच्या. बाबा आईशी वाद घालत नसत, वाकून पोरालाच विचारत, “काय शेट, कितवं लागलं?” आणि पोर छाती काढून खरं ते सांगून टाकायचं.

“विचारून येते, मॅडम,” ती म्हणाली.

दुपारी संकलनाच्या छोट्या खोलीत चार खुर्च्या दाटीवाटीने मांडल्या. वहिनी टिकलीला घेऊन दाराशी बसली, टिकलीची बोटं डोळ्यांवर. बाबा पुढच्या खुर्चीत. येतानाच कात्रीला बजावून झालं होतं, “दारात उभी राहू नकोस, पुढे जागा आहे.”

ट्रेलर सुरू झाला. कपाट. अंधार. टिकलीने आईचा हात घट्ट धरला. पडद्यावर आजोबा खुर्चीत जाऊन बसले.

“हा म्हातारा कोण?” बाबा एकदम म्हणाले. “पोरगी केव्हाची लपलीय आणि हा बसून काय राहिलाय?” ते उठलेच. थेट पडद्यापाशी जाऊन बोट दाखवून ओरडले, “अहो, कपाटात आहे ती! कपाटात बघा!”

 मग बोटांच्या फटीतून आवाज आला, “आजोबा, ते तुम्हीच आहात!”

“मी? मग मी मला सांगतोय ते ऐकू कसं येत नाही मला?”

टिकली अशी हसली की खुर्चीवरून घसरली. धावत गेली आणि बाबांच्या पाठीवर दोन्ही हातांनी थाप मारली. “धप्पा!”

बाबा वळले. “सापडलीस का? बघ, शोधलंच की नाही मी!”

डायरेक्टरबाईने डोळे पुसले आणि वाकून विचारलं, “टिकले, हे कुणी कुणी बघावं?”

टिकलीने गंभीरपणे विचार केला. “माझ्यासारख्यांनी बघितलं तर चालेल. पण शेजारी कुणीतरी पाहिजे. कपाटात अंधार आहे ना.” मग आजोबांकडे पाहून म्हणाली, “आणि आजोबांच्या शेजारी पण पाहिजे. त्यांना कळत नाही ते कोण आहेत.”

पाटी ठरली: कौटुंबिक. सर्वांसाठी; लहानांनी मोठ्यांसोबत पाहावा. मॅडमनी पेन उघडलं, आणि या वेळी सही केली.

खेळाच्या दिवशी ट्रेलरला किंचाळ्या आल्या नाहीत. शेवटच्या धप्प्याला सगळं सभागृह हसलं, आणि मग तिकिटाच्या खिडकीवर रांग लागली, हातात हात धरलेल्या मोठ्यांची आणि लहानांची. रांगेशेजारी एक म्हातारा उभा होता, एका हातात नातीचा हात. “पुढे चला, पुढे चला,” म्हणत होता, “आत जागा आहे.”

बाबांनो, आयांनो, एवढंच मागणं आहे. घरी गेलात की त्या कंडक्टरची आठवण ठेवा. त्याला स्वतःला ती ठेवणं आता जड जातंय.