वाईला थांबायचं राहिलं

त्या वर्षी घरात सगळं चांगलंच घडत होतं. मी शिरवळच्या कंपनीत कायम झालो, माझी लेक अपेक्षा दहावी पास झाली आणि तिच्या हट्टानं चिमी नावाचं कुत्र्याचं पिल्लू घरी आलं. दिवाळीत आम्ही सगळे पाचगणीला निघालो. चिमीला मांडीवर घेऊन माझे वडील पुढं बसले होते. तरुणपणी ते मेंढरं घेऊन याच वाटेनं हिंडायचे.

वाईत नदी दिसताच आबा म्हणाले, "तानाजी, गाडी थांबीव रं. हितंच काठाला तुजा जलम झाला. पोरीला जागा दावतो."

"येताना थांबू, आबा," मी म्हणालो. मला हॉटेल गाठायची घाई होती.

येताना उशीर झाला आणि मी थांबलो नाही. आबांनीही पुन्हा विषय काढला नाही. पंधरा दिवसांनी त्यांना लकवा मारला आणि वाचा गेली.

आई तर कधीच वारली होती. जागा सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी अपेक्षाला घेऊन वाईला गेलो, काठाचे फोटो काढून आणले आणि आबांना एकेक दाखवत विचारलं, "ही का जागा?"

प्रत्येक फोटोला त्यांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले.