वाळूतली डुकरे

मित्रांनो, मी एक जुने फावडे आहे. न्यूयॉर्कच्या नदीखाली बोगदा खणण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. बोगदा खणणाऱ्यांना तिथे 'वाळूतली डुकरे' म्हणतात. इतर बोगद्यांचे मला ठाऊक नाही. आमच्यात तो शब्द कसा आला, ते ऐका.

माझा धनी कॉरमॅक गिल्डी, डोनेगलचा आयरिश माणूस. नदीचे पाणी घुसू नये म्हणून बोगद्यात हवा दाबून भरलेली असे. बाहेर पडताना लोखंडी खोलीत बसून तो दाब हळूहळू उतरवावा लागे. घाई केली की सांधे पिळवटत, माणूस लुळा होई, मरेही.

एकदा ठेकेदाराचे बडे साहेब, व्हिटलो, पाहणीला उतरले. पांढरे हातमोजे, नाकाला अत्तराचा रुमाल! मला कुठल्या टोकाला धरतात, हेही त्यांना ठाऊक नसावे. वाळूचिखलाने माखलेली माणसे पाहून ते म्हणाले, "वाळूत लोळणारी डुकरंच की ही!"

परतताना लोखंडी खोलीत दहा मिनिटांतच त्यांचा धीर सुटला.

"उघड दार! माझी जेवायची वेळ झाली."

"बसा साहेब, अजून अर्धा तास," गिल्डी म्हणाला.

"डुकरानं मला शिकवायचं?" साहेब हवा सोडायच्या चावीवर झेपावले. गिल्डीने मला आडवे धरले.

"हात लावू नका. माझा भाऊ असल्याच घाईत गेला."

साहेब धडधाकट बाहेर आले आणि त्यांनी पहिले काम केले ते गिल्डीला काढून टाकण्याचे. कारण काय, तर उद्धटपणा! असल्या माणसाचे सांधे शाबूत राहिले, याची मला आजही चीड येते.

गिल्डीपाठोपाठ त्या पाळीची सगळी माणसे काम सोडून निघाली. फाटकावर कारकून नावे लिहू लागला.

"नाव?"

"वाळूतलं डुक्कर."

"आणि तुझं?"

"तेच लिही. आम्ही सगळे एकाच घरचे."

तिसऱ्या दिवशी बोगद्यात खणायच्या टोकाशी वाळू ढासळली, पाणी झिरपू लागले. व्हिटलो धापा टाकत गिल्डीच्या दारात आले.

"गिल्डी, माणसं घेऊन चल!"

"माणसं? कालपरवापर्यंत तर डुकरं होती, साहेब. तुमच्या यादीत लिहिलंय त्याच नावानं हाक मारा."

सगळी आळी बघत होती. साहेब हळूच म्हणाले, "चला... वाळूतल्या डुकरांनो."

मग गिल्डीने मला खांद्यावर टाकले. पाणी अडले, बोगदा वाचला.

मित्रांनो, त्या बोगद्यातून तुम्ही कोरड्या पायांनी जाता. माझ्या गंजलेल्या पात्याला तेल लावले नाहीत तरी चालेल. पण खणणाऱ्याला हाक मारण्याआधी त्याचे नाव विचारा. खणणारे स्वतःला डुक्कर म्हणवतात, तो त्यांचा रुबाब. तुमच्या तोंडी मात्र तो शब्द व्हिटलोचाच.