पंकजाच्या पायाखालचं लाल पाणी

वाल्मिक महाराजाच्या मांडवात त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. भंडाऱ्यानं माखलेले रोग्याचे पाय परातीत बुडवले, की पाणी रक्तासारखं लाल व्हायचं आणि अख्खं कोल्हार ओरडायचं, "निघाला! कॅन्सर निघाला!"

"दवाखान्यातली किमो म्हंजे बादलीभर इख!" महाराज माईकवर बोंबलत होता. "केस जात्यात, वकाऱ्या येत्यात. आमची थेंब-किमो घ्या! जिभंवर येक थेंब, रोग तळपायातून खाली!"

माझी सून पंकजा. तिच्या छातीत गाठ. नगरच्या दवाखान्यात निम्मी किमो झाली होती, गाठ बसत चालली होती. पण तिचं बोडकं डोकं माझ्या लेकाला, कल्याणला बघवेना. त्यानं पुढची किमो चुकवून तिला इथं आणलं. मी पाठोपाठ गेले, म्हटलं बघू तरी ह्याचा धन्वंतरी.

थेंब झाला, पाय बुडवले, पाणी लाल झालं. तरी महाराजाचं पोट भरेना. "रोग धरून बसलाय!" म्हणत त्यानं पंकजाच्या पाठीवर वेताची छडी ओढली. मग खांद्यावर. चोळी फाटली, कातडी सोलली. दोन चेल्यांनी तिचे दंड पिरगाळून धरलेले.

"आत्याबाई!" ती किंचाळली. आणि कल्याण हात जोडून उभा! पोटी धोंडा निपजला माझ्या.

मी एका चेल्याच्या नडगीवर लाथ घातली. झटापटीत परातीतलं पाणी माझ्या पदरावर उडालं. पदराला भंडारा लागलेला, तो पिवळा डाग लालभडक झाला. अगं बाई! हळदीच्या डागाला साबण लागला की हेच होतं. मुरगळलेल्या पायाला हळद-चुना कालवतो, तेव्हाही हेच. जन्मभर हातानं केलं, आणि मांडवात येताना अक्कल चपलांपाशी ठेवून आलो.

मी महाराजाच्या जटा धरल्या. त्यानं कोपर हाणून माझा दात पाडला. मी सोडते होय? त्याचे भंडारा फासलेले हात परातीत दाबले. पाणी आणखी लाल!

"काय रं मुडद्या, तुला बी कॅन्सर हाय व्हय?"

"म्हातारे, भस्म होशील!"

"व्हते की! आधी परात पालथी कर."

मग मीच परात लवंडली. पाणी सांडलं, तळाशी पांढरा गाळ. शेजारची साळूबाई पानाची शौकीन. तिनं बोट लावून चाखलं. "आगं, खायचा चुना हाय ह्यो!"

"अन् त्यो थेंब नुसता गुळवनी हुता, आत्याबाई," पंकजा रडत म्हणाली.

मघाशी पाया पडणारेच मग पायताणं घेऊन धावले. महाराजाचं नाक फुटलं, तोंड रक्तानं भरलं. हे रक्त मात्र खरं होतं. मी काही आडवी गेले नाही, खोटं कशाला बोलू? पोलिसांनी त्याला ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या मानगुटीला धरून दवाखाना गाठला. डॉक्टरिणीनं थेंबाची हकीकत ऐकत पंकजाचे वळ पुसून मलम लावलं. मग म्हणाली, "आजी, मात्रा आम्हीही कमी करतो. पण रोग बघून, रक्त तपासून. औषधाच्या जागी गूळपाणी दिलं, तर गाठ वाढतच जाणार."

जखमांमुळं पाठ टेकवत नव्हती, म्हणून पंकजा कुशीवर झोपली आणि तिनं सुईसाठी हात पुढं केला.

बायांनो, मी चार बुकंही शिकले नाही. पण एवढं सांगते: औषध देणाऱ्याला विचारा, बाटलीत काय आहे, गाठ कमी झाली हे कशावरून म्हणतोस. जो सांगेल, त्याच्याकडं बसा. जो छडी उगारेल, त्याच्या मांडवातून आपलं माणूस ओढून बाहेर काढा.