एवाल्टच्या मुठी

त्या रविवारी बाबांनी टोपी घातली, काढली, खिडकीतून आभाळाकडे बघितलं आणि परत घातली.

"पाऊस येणार," मी म्हणाले.

"येऊ दे. तिथला माल गंजायचा तेवढा कधीच गंजलाय."

आखडलेला पाय हाताने उचलून त्यांनी गाडीत घेतला आणि आम्ही बाजाराला निघालो. बहुतेक रविवार असेच जायचे. मी चाळिशी ओलांडलेली, एकटी, वाचनालयात नोकरी करणारी बाई. ते सत्तरीचे, विधुर. जुन्या बाजारांत हिंडून आम्ही युद्धातले खंजीर शोधायचो.

कुनोने आम्हाला लांबूनच पाहिलं. त्याच्या टेबलावर शिरस्त्राणं, बिल्ले, पत्र्याचे डबे मांडलेले होते, आणि जिथे जिथे युद्ध पेटवणाऱ्या त्या राजवटीचं, आता बंदी असलेलं चिन्ह होतं तिथे तिथे कायद्याप्रमाणे काहीतरी चिकटवून ते झाकलेलं. कुनो केळ्यांवरचे स्टिकर वापरायचा.

"आले! चिरफाड करणारे डॉक्टर आले!" तो ओरडला. "इर्मेला, तू तरी सांग गं तुझ्या बापाला. लोक माझ्याकडून खंजीर नेतात, काचेच्या कपाटात ठेवतात, बायकोला बोट लावू देत नाहीत. आणि हे महाशय घरी जाऊन त्याची हाडं मोकळी करतात."

"तुझ्या मालात दुसरं करण्यासारखं असतं काय?" बाबा म्हणाले.

"आज आहे. थेट अमेरिकेहून परत आलाय. एका म्हाताऱ्या सैनिकाच्या पोरांनी विकला. त्याने म्हणे आपल्या एका कर्नलच्या कमरेचा काढून घेतला होता."

"कर्नल? उंचपुरा? गालावर व्रण?"

"अहो, तुम्हाला कसं कळलं?"

"तो मीच बनवला होता," बाबा म्हणाले. "खंजीर नाही रे. कर्नल."

कुनो पोट धरून हसला. बाबाही हसले. तोवर त्यांचा अंगठा मुठीवरून फिरायला लागला होता. काळपट तपकिरी अक्रोडाचं लाकूड, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं. त्यांचं हसणं हळूहळू थांबलं.

बाबागाडी ढकलत एक तरुण बाई मागून गेली आणि बरोबरच्या माणसाला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "या वयात तरी लाज वाटायला हवी." मी वळून काही बोलणार तोच बाबांनी माझं कोपर धरलं.

"तिचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पिशवी उघड."

तिला काय दिसलं ते मला ठाऊक होतं. सुऱ्या-खंजीर घडवणाऱ्या आमच्या झोलिंगन गावात म्हाताऱ्या माणसाने असला खंजीर प्रेमाने हातात धरला की बघणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही. खंजीर शोधत हिंडणारे बाकीचे लोकही बाबांना वेडा समजायचे. त्यांना हवा असायचा एखाद्याने खरोखर कमरेला लावलेला, सगळे भाग मूळचे असलेला खंजीर. बाबांना हवा होता तो जोडलेला, उरल्यासुरल्या तुकड्यांचा, ज्याला ते लोक नाकं मुरडायचे. त्यातलीही त्यांना फक्त मूठ हवी होती.

आमच्या गावात एक सुरी कितीतरी हातांतून जाते. एक जण पातं घडवतो, दुसरा धार लावतो, तिसरा मूठ बसवतो. बाबा मूठ बसवणारे. घरामागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी त्यांनी आयुष्यभर तेच केलं. युद्धाच्या आधी त्याच खोलीत त्यांचा मोठा भाऊ एवाल्ट मुठी कोरायचा. त्या वेळी काम सत्तेवरच्या पक्षाच्या खंजिरांचं होतं. "एवाल्ट संत नव्हता," बाबा एकदा म्हणाले होते. "काम आलं, केलं. मीही केलं."

पुढे कारखान्याने खंजीर बनवणं थांबवलं आणि एवाल्टच्या मुठींची एक पेटी फळीवर तशीच राहिली. त्याला सैन्यात नेलं. बाबांना पायामुळे नेलं नाही. शेवटच्या रजेत एवाल्टने पेटीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "राइनहोल्ड, हिला हात लावू नकोस. परत आलो की यांना पावाच्या सुऱ्यांची पाती लावू." मग तो पूर्वेकडे गेला आणि बेपत्ता झाला. थडगं नाही, पत्र नाही. मागे राहिली फक्त ती पेटी.

युद्ध संपलं तेव्हा आधी अमेरिकन सैनिक आले, मग इंग्रज. सगळ्यांना घरी न्यायला एक खंजीर हवा होता. कारखान्यांच्या आवारात पाती पडली होती, मुठीच्या टोकांच्या आडव्या पट्ट्या होत्या, मुठीत बसवायचे धातूचे गरुड खोकी भरून होते. मुठी बाबांच्या फळीवर होत्या. आजी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली, गावात खायला काही नाही. बाबांनी पेटी उघडली. एकेक खंजीर जोडून दिला की डुकराची चरबी मिळायची, कॉफी मिळायची, कधी मांसाचा डबा. सैनिक विचारायचे, हा कोणाचा? बाबा सांगायचे, कर्नलचा, कप्तानाचा. त्या हिवाळ्यात त्यांनी कितीतरी अधिकारी जन्माला घातले.

अशी पेटी रिकामी झाली आणि एवाल्टच्या हातचं सगळं समुद्रापार गेलं.

एवाल्ट डावखुरा होता. पात्याची शेपटी मुठीच्या ज्या खाचेत जाते, तिथे आत त्याच्या कानशीच्या रेघा उलट्या बाजूला कललेल्या असायच्या. बाहेरून ते कळत नाही. खंजीर विकत घ्यायचा, टोकाचं नट फिरवायचं, मूठ ओढून काढायची आणि खिडकीशी धरायची. बाबा हेच करत आले. रेघा सुलट्या निघाल्या की पातं आणि गरुड भंगारात जायचे. मुठीतलं गरुडाचं भोक लाकडाच्या चकतीने बुजवून बाबा तिला पावाच्या सुरीचं पातं लावायचे आणि शेजारीपाजारी देऊन टाकायचे. आमची सगळी गल्ली एवाल्टच्या नसलेल्या मुठींनी पाव कापते.

मीही डावखुरी आहे. शाळेत बाईंनी उजव्या हाताने लिहायला लावलं. घरी बाबांनी कधी टोकलं नाही. मी पाव कापायला लागले की मात्र ते हातातलं काम थांबवून बघत राहायचे.

त्या रविवारी आम्ही परत आलो तेव्हा खिडकीतला उजेड सरला होता. बाबांनी खंजीर टेबलावर ठेवला. केळ्याचा स्टिकर तसाच होता.

"उघडायचा नाही?" मी विचारलं.

"दिव्याच्या उजेडात लाकूड खोटं बोलतं. उद्या सकाळी बघू." मग ते जरा लाजत म्हणाले, "हातात धरला ना, तेव्हा तसंच वाटलं गं. त्याचं ते मधलं पोट. असं याआधी कधी वाटलं नव्हतं."

मी काळा पाव कापला, त्यावर लोणी, सॉसेज आणि कांद्याच्या चकत्या ठेवल्या. ते माझ्या हाताकडे बघत होते. खायला सुरुवात केल्यावर, पाव चावता चावता, समोरच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले,

"आई गेल्यावर अजून काही मुठी उरल्या होत्या."

मी पावाचा तुकडा खाली ठेवला.

"ईस्टरच्या आधीच गेली ती. तिच्यासाठी विकत होतो ना मी? मग ती गेल्यावर थांबायला हवं होतं. तिला पुरून आलो आणि उरलेल्या मुठी जोडल्या. मांसाचा एक डबा मिळाला. त्या खोलीत बसून एकट्याने खाल्ला. बोटाने निपटून. चवदार होता."

ही गोष्ट मी आयुष्यभर ऐकत आले होते. आजी, चरबी, कॉफी, कर्नल. हा डबा तिच्यात कधीच नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण चावणं थांबलं होतं. ते वाट बघत होते.

"अजून कांदा देऊ?" मी म्हणाले.

"दे," बाबा म्हणाले.

सोमवारी सकाळी मी कामावर गेले. दुपारच्या आत शेजारच्या हेडविगबाईंचा फोन आला. बाबा मागच्या खोलीत खुर्चीवर होते, त्या म्हणाल्या. हाक मारली तर ओ देईनात. मी पोचले तेव्हा त्यांना कॉटवर निजवलं होतं आणि डॉक्टर बॅग आवरत होते. खंजीर टेबलाला लावलेल्या व्हाइसच्या जबड्यात आवळलेला होता. पाना खाली पडला होता. नटवर एक ताजा, चकचकीत ओरखडा होता, पण नट हललं नव्हतं.

हेडविगबाईंनी माझ्यापुढे कॉफी ठेवली. त्यांनी पाव कापला तो बाबांनी दिलेल्या सुरीने, हे मला दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी कुनो आला. हातात टोपी, दाढी केलेली. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"उघडला होता का त्यांनी?"

"नाही. नट गंजलेलं होतं."

तो दारातून आत आला नाही. "मग राहू दे तसाच, इर्मेला. तसाच त्यांच्याबरोबर ठेव. म्हाताऱ्याला वाटू दे की मिळाली."

"म्हाताऱ्याला आता काही वाटत नाही, कुनो."

"हो," तो म्हणाला. "ते आहेच."

सकाळी उजेड आल्यावर मी उत्तरेच्या खिडकीशी बसले. ठरवलं होतं की रेघा उलट्या असल्या तर मूठ बाबांच्या हातात द्यायची, भाऊ निदान असा तरी त्यांच्याजवळ जाईल. नटवर तेल सोडलं, थांबले, पाना लावला. नट सुटलं. मूठ ओढली तशी सहज बाहेर आली.

आत रेघाच नव्हत्या. उलट्या नाहीत, सुलट्याही नाहीत. यंत्राने पाडलेली गुळगुळीत खाच, आणि लाकूड आतून पांढुरकं, कोवळं. बाहेरचा काळपटपणा बोटाला लागत होता. पॉलिश असावं, किंवा चहा. ही मूठ त्या हिवाळ्यातली नव्हती. बाबांपेक्षा, कदाचित माझ्यापेक्षाही लहान होती. कर्नल, म्हातारा सैनिक, त्याची पोरं, ही सगळी कोणीतरी जोडलेली गोष्ट होती, बाबा जोडायचे तशीच. शेवटच्या रविवारी ती त्यांच्याच गळी उतरली होती. मधल्या ज्या पोटावरून त्यांचा अंगठा फिरला होता, ते कोणा अनोळखी माणसाच्या यंत्राने कोरलेलं होतं.

फळीवर कानस होती. मी ती डाव्या हातात घेतली. का घेतली ते माहीत नाही. खाचेत घातली आणि ओढली, पुन्हा ओढली. पांढरा भुसा मांडीवर पडला. मूठ खिडकीशी धरली. बाबांनी वर्णन केलं होतं तशाच त्या रेघा कललेल्या होत्या. बघून ते फसले असते. पण आता फसवायला कोणी उरलं नव्हतं. गावभर हिंडून सांगितलं असतं तरी या रेघा कशाच्या ते कळणारा एकही माणूस नव्हता. एवाल्ट ज्यांच्या आठवणीत होता ते शेवटचे डोळे मिटले होते, आणि माझ्या हातात कोणाचीच नसलेली मूठ होती. तरी मी ती कोटाच्या खिशात टाकली.

दफनभूमीतल्या लहान खोलीत त्यांना ठेवलं होतं. निळा सूट, विंचरलेले केस. हात छातीवर एकमेकांत गुंतवलेले, नखांच्या कडेला अजून काळं. ते कोणाला निघालं नव्हतं. बाहेर हेडविगबाई, कुनो आणि गल्लीतले लोक उभे होते. शवपेटीशी एक माणूस अदबीने थांबला होता.

"झाकण लावू का?" त्याने हळूच विचारलं.

"थोडं थांबा."

मी मूठ बाहेर काढली. सगळं सोपं होतं. त्यांच्या बोटांखाली सरकवायची आणि एक शब्द म्हणायचा, मिळाली. वाटेत मी तो मनातल्या मनात म्हणूनही पाहिला होता. बाबांच्या बोटांना मी हात लावला. ती माझ्यासाठी उघडली नाहीत.

मी मूठ परत खिशात ठेवली.

"बाबा," मी म्हणाले. पेटीशी उभ्या असलेल्या माणसाने मान खाली घातली. माझा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला. "बाबा, ही एवाल्टकाकाची नाही. ती आता मिळायची नाही."

ते माझ्याकडे बघत नव्हते. त्या रविवारी संध्याकाळीही बघत नव्हते.

"तो मांसाचा डबा," मी म्हणाले. "आजी गेल्यावरचा. तुम्ही तो खाल्लात, ते बरं झालं."