हिरवा विझल्यावर

तलासरीच्या त्या छोट्या कारखान्यात लेसर बनत. सेमीकंडक्टर चिपमधून ठोक्याठोक्यानं सुटणारा झोत डोळ्यांना दिसत नसे. तांदळाच्या दाण्याएवढ्या क्रिस्टलमधून गेला की त्याची वारंवारता दुप्पट होई आणि तो हिरवागार होऊन बाहेर पडे. क्रिस्टल नेमका ऊबदार हवा. गार पडला की हिरवा विझे, पण न दिसणारा झोत तसाच सुटत राही.

सुपरवायझर मनिषला हे पाठ होतं. पण कामावरच्या बायकांना शिकवताना त्यानं उचलली जीभ लावली टाळ्याला. "हिरवा दिसतोय तोवर चष्मा काढू नका. विझला की लेसर बंद समजा." न दिसणारा उजेड कोण समजावत बसणार?

मागच्या आठवड्यात त्यांच्यातल्या जानीच्या लेसरचा हिरवा विझला. तिनं चष्मा काढून, क्रिस्टल सरकला का, ते वाकून पाहिलं. दुखलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यासमोर मधोमध काळा डाग. आतून भाजलंय, डाग जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मालकांनी विचारलं तेव्हा मनिष म्हणाला, "चष्मा घातला नसेल." ते खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त टोचत होतं. जानीला निष्काळजी ठरवून घरी बसवलं. तिच्या जागी तिची नणंद शितल येणार होती.

रविवारी तो सरावलीला जानीच्या घरी निघाला. वाटेत ओळखीचं कुणी हसलं, तरी त्या माणसाला सगळं ठाऊक आहे असं मनिषला वाटे. चोराच्या मनात चांदणं.

जानी अंगणात तांदूळ निवडत होती, मान वाकडी करून, डाव्या डोळ्यानं. शेजारी शितल.

"बसा सर. हिला तुमचंच शिकवते," जानी म्हणाली. "हिरवा असतानाच बघितलं असेल मी. येडीच मी." मग शितलला म्हणाली, "ध्यानात ठेव. हिरवा विझला का भ्यायचं नाय. खुशाल चष्मा काढायचा."

शितलनं मान हलवली.

"नाही," मनिष म्हणाला. "विझल्यावरही न दिसणारा झोत सुटतच असतो, तोच डोळा जाळतो. जानी, तुझं काही चुकलं नाही. मीच चुकीचं शिकवलं."

जानीचे हात सुपात थांबले. तिनं मान आणखी वाकडी करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"आणि बाकीच्या पोरी?" तिनं विचारलं. "त्या कालपण चष्मा काढत होत्या ना, सर?"

काढत होत्या. आठवडाभर तो त्यांच्याच मागून फिरत होता, आणि गप्प होता. त्यानं फोन काढला आणि तिच्यासमोरच मालकांचा नंबर लावला.