नळवाल्याच्या बायकोचं तोंड

वस्तीच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चाळीस वर्षांपूर्वी लोकांनी स्वतःचंच चित्र रंगवलं होतं. नळासमोरची रांग, जो तो आपापली बादली धरून. पुढे ऊन-पावसाने तोंडं पुसली गेली. ज्यांनी उभ्या जन्मात त्या भिंतीवर मुतण्यापलीकडे काही केलं नाही, तेच "चुना फासा आणि मोकळे व्हा" म्हणून बोंबलत होते.

एकच तोंड ठसठशीत होतं, नळवाल्याच्या बायकोचं. ती गेल्यापासून अठरा वर्षं तो दरसाल ते रंगवायचा, हाताला लागेल त्या उरलेल्या रंगाने. घरात तिचा फोटो एकच, लग्नातला, त्यातही मान खाली. बायको म्हणून जी काही उरली होती ती या भिंतीवर.

भिंतीवरचं चित्र दुरुस्त करायला आलेली बाई किडकिडीत होती. काडीला कापूस गुंडाळायची, जिभेवर ओला करायची आणि नखाएवढी जागा पुसायची.

"थुंकी लावून काम करतेस होय गं?" नळवाल्याने विचारलं.

"थुंकीने मळ निघतो काका, रंग राहतो."

एका बादलीच्या कडीला तिने अख्खा दिवस घातला. नळवाल्याचा जन्म वॉशर बदलण्यात गेला होता. कसलेला हात त्याला लांबूनही ओळखू यायचा. हा तसा होता.

मग ती म्हणाली, "काकूंवरचे थर काढावे लागतील."

"हात लाव, शिडीच ओढतो!"

"वरचं तोंड तुमचं आहे काका. खाली त्यांचं असेल, किंवा नुसता गिलावा. खोटं कशाला बोलू?"

दोन दिवस तो फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी स्टूल घेऊन आला आणि भिंतीला चिकटून बसला. "ओठांपासून कर. गिलावा लागला की थांब. डोळे राहू दे मला."

ती पात्याने एकेक पापुद्रा उचलू लागली. तो सांगत गेला, "हा रंग शाळेच्या फाटकाचा. हा नातीच्या पाळण्याचा." तिचा हात एकदाही घसरला नाही. शेवटच्या थराखाली काळोखी फट दिसली, मग अर्धा तुटलेला दात.

"काका, तोंड उघडं आहे यांचं."

आणि उघडंच असणार! रांगेत मध्ये घुसणाऱ्याचा बाप काढणारी बाई होती ती. नळवाला दरसाल जरा मायेने रंगवत गेला आणि तिचे ओठ मिटत गेले.

"अठरा वर्षं मीच गप्प बसवली हिला," तो म्हणाला. नाक पुसलं, आणि हसलाच.

"डोळ्यांचं काय करू?"

"काढ सगळं. आता कसली भीती?"

मग त्याचं लक्ष स्टुलाकडे गेलं. ते बरोब्बर चित्रातल्या रांगेच्या मध्ये होतं. त्याने ते मुकाट्याने उचललं आणि शेवटच्या बादलीमागे नेऊन ठेवलं.