काढून टाकलेल्या गोगलगायी

सहायकाने संगणकावरची कचरापेटी उघडली, तर ती रिकामी. बाईंच्या एक हजार दोनशे सहा नोंदी गेल्या होत्या, कायमच्या. पण असं काही झालंच नाही असं धरून चालू या. कार्यालयाच्या फाइलीत त्या नोंदी जानेवारीतच गेल्या होत्या, आणि आता जुलै होता. एकदा गेलेली गोष्ट पुन्हा जायला फाइलीत रकाना नसतो.

बाई गोगलगायींवर काम करायच्या. समोरच्याच टेबलावर, नऊ वर्षं. जगात कुठेही गोगलगायींबद्दल काही छापून आलं की लेखक, साल, पानं असं सगळं त्या संस्थेच्या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरत आणि खाली शेरा टाकत. 'या गृहस्थांनी गोगलगाय लांबूनच पाहिलेली दिसते.' 'लेका, पान एकेचाळीस जेवणाआधी वाचू नकोस.' लेका म्हणजे सहायक. समोरासमोर बसून दोघं फारसं बोलत नसत. बाई शेरा लिहीत, पाच मिनिटांनी सहायक पलीकडे हसे, एवढंच संभाषण. डिसेंबरात बाई वारल्या. जानेवारीत संचालकांचा आदेश निघाला: सर्व्हरवर जागा उरलेली नाही, वापरात नसलेल्या नोंदी काढून टाकाव्यात.

सहायकाने त्या निवडल्या आणि 'काढून टाका' दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, 'तुमची खात्री आहे का?' त्या आठवड्यात त्याला कोणी काही विचारल्याची ही एकच वेळ.

काढलेली नोंद लगेच जात नाही. ती तीस दिवस कचरापेटीत पडून राहते. तोवर 'परत आणा' दाबलं की शेऱ्यासकट जशीच्या तशी जागेवर येते. तीस दिवस उलटले की संपलं. कचरापेटीतही ती तेवढीच जागा खाते, पण जागेचा अहवाल कचरापेटीत डोकावत नाही, त्यामुळे सर्वांचं समाधान होतं.

एकोणतिसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सहायकाने सगळ्या नोंदी परत आणल्या. डबा खाता खाता अर्धा तास वाचल्या. मग पुन्हा काढून टाकल्या. दिवस पुन्हा तीसपासून सुरू. शेऱ्यांची नक्कलही त्याने करून पाहिली होती, पण नक्कल केली की 'नोंद करणारी व्यक्ती' या जागी त्याचं नाव येई, आणि त्याच्या नावाखाली तो विनोद पडलाच असता. त्याने नक्कल पुसली.

दर रविवारी ताईचा फोन येई.

"दिवसभरात कोणाशी बोलतोस की नाही?"

"बोलतो की."

"कोणाशी?"

"ऑफिसात. महिन्यातून एकदा."

"महिन्यातून एकदा? काय मीटिंग असते का?"

"तसंच काहीसं."

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे गेले. मे महिन्यात तो एकोणतिसाव्या दिवशी डबा उघडून बसला, तर उरलेले दिवस अठ्ठावीस. दोन दिवसांपूर्वी कोणीतरी सगळ्या नोंदी परत आणून पुन्हा काढल्या होत्या. काढणारी व्यक्ती: संचालक.

त्याने एकेक नोंद उघडून पाहिली. जास्तीची अक्षरं एकाच ठिकाणी सापडली. शंखाच्या वेटोळ्यांवरचा एक जुना लेख होता, आणि खाली बाईंचा शेरा: 'खडूला दाखवलं. त्याला पटलं नाही. म्हणजे बरोबर असणार.' खडू कोण, हे सहायकाला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. शेऱ्याखाली नवी ओळ होती: 'पटलं होतं.'

दुसऱ्या दिवशी संचालक जिन्यावर भेटले. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद. सहायकाने बाजूला होऊन वाट दिली. नऊ वर्षं तो देत होता, पण या वेळी जरा जास्तच झाला आणि कुंडीला धडकला.

साहेबांनी स्वतःचाच आदेश मागे का घेतला नाही, हे विचारायची गरज नव्हती. आदेश मागे घ्यायला तीन जणांची समिती लागे, आणि तिसऱ्या सदस्य बाईच होत्या.

जूनमध्येही साहेबांनीच केलं. सहायकाला बरं वाटलं. दिवस न मोजता गेलेला तो पहिला महिना. साहेब करतायत म्हटल्यावर आपण मध्ये हात घालणं बरं दिसत नाही, असं त्याने ठरवलं. पुढच्या वेळी एकोणतिसाव्या दिवशी 'उरलेला दिवस: एक' असं दिसलं, तेव्हाही तो डबा खात राहिला. संध्याकाळी साहेब दारात दिसले.

"सगळं व्यवस्थित ना?"

"हो, साहेब."

"मग ठीक."

दोघंही निश्चिंत घरी गेले.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता कचरापेटी रिकामी. सव्वाचारला साहेब खोलीत आले. या खोलीत ते कधी येत नसत. कुठे बसावं हे त्यांना कळेना. समोरच्या टेबलाची खुर्ची मोकळी होती, पण ते उभेच राहिले.

"तू केलं नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही कराल."

"मी दोनदा केलं. म्हटलं, आता तुझी पाळी."

"पाळी होती?"

"नव्हती का?"

सहायकाने डब्याचं झाकण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

"संगणकवाल्यांना विचारू?"

"काय विचारशील? जानेवारीत काढलेल्या नोंदी काल कुठे होत्या, हे सांगावं लागेल." साहेबांनी बाईंच्या टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं, पाहिलं, शर्टाला पुसलं. "माझ्याबद्दल अजून काय काय लिहिलं होतं?"

"बरंच होतं, साहेब."

"आठवतंय?"

"थोडं."

साहेब वाट पाहत राहिले. सहायकाला एक शेरा आठवत होता, पण तो बाईंच्या आवाजात. स्वतःच्या आवाजात सुरू करायला त्याने तोंड उघडलं आणि घसा खाकरला.

"असू दे," साहेब म्हणाले आणि गेले.

पाच वाजता सहायकाने संस्थेचा छापील अर्ज घेतला, सुवाच्य अक्षरात भरला आणि आवक खिडकीवर देऊन शिक्का मारून घेतला.

'मा. संचालक यांस. विषय: नोंदी काढून टाकण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, जानेवारीच्या आदेशानुसार दिवंगत संशोधिकेच्या १२०६ नोंदी काढून टाकण्याचे काम मजकडे आहे. सदर काम मी चार वेळा व आपण स्वतः दोन वेळा पूर्ण केले आहे. तरी ते सातव्यांदा करण्याची परवानगी द्यावी, आणि त्याकरिता सदर नोंदी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास उपलब्ध करून द्याव्यात, ही नम्र विनंती.'